दंगा, दगा आणि डेटाबेसचं मराठी

मायएसक्यूएल ८.० हे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर नव्याने बसवा, कुठल्याही सेटिंगला हात लावू नका आणि त्याला विचारा, ‘दंगा’ आणि ‘दगा’ हे शब्द सारखे आहेत का? उत्तर येतं १, म्हणजे हो. ‘भांग’ आणि ‘भाग’? हो. ‘पंत’ आणि ‘पत’? हो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ विचारून बघा. कोकणचा दर्या आणि सह्याद्रीच्या दऱ्या त्याच्या लेखी एकच.

हा बग नाही. २०१८ साली ही आवृत्ती आली तेव्हापासून हे ठरवून केलेलं आहे. आपण काही निवडलं नाही तर जे कोलेशन, म्हणजे तुलनेचा आणि क्रमाचा जो नियम, आपोआप लागू होतो, त्याच्या नावातच ‘एआय’ अशी दोन अक्षरं आहेत. (हल्लीच्या गाजत्या एआयशी त्यांचं काही नातं नाही.) त्यांचा अर्थ, अक्षरावरच्या खुणांकडे काणाडोळा करा. फ्रेंच माणसाने ‘कॅफे’ लिहिताना शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ दिली काय, न दिली काय, शोधणाऱ्याला दोन्ही सापडावं हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. फक्त युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, मूळ क्रमतक्त्यात आपले अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग आणि नुक्ता त्याच फ्रेंच रेघेच्या पंगतीला बसवलेले आहेत. पहिल्या पातळीच्या तुलनेत त्यांचं वजन शून्य. त्यामुळे रेघेबरोबर अनुस्वारही जातो आणि ‘दंगा’चा ‘दगा’ होतो.

जुन्या संस्थांचा मराठी डेटा नव्या जागी हलवणं हे माझं रोजचं काम. वाचनालयं, पतसंस्था, एखादा देवस्थानचा ट्रस्ट. तिथे काहीही बिघडलं तरी तक्रार एकाच वाक्यात येते: “सर, फॉन्ट उडालाय.” बहुतेक वेळा फॉन्ट जागच्या जागी असतो. उडालेलं असतं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत, नाहीतर चुकलेलं असतं कोलेशन, आणि या दोन दुखण्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. एन्कोडिंग बिघडलं की शिपायालाही दिसतं. कोलेशन चुकलं की पडद्यावर सगळं शुद्ध, सुवाच्य मराठी दिसत राहतं; फक्त एखादं पुस्तक सापडत नाही, किंवा नसलेलं सापडतं.

खराखुरा फॉन्टचा प्रश्नही एकेकाळी होता. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या फॉन्टांच्या काळात संगणकात मराठी साठवलंच जात नव्हतं. साठवली जायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, वर मराठी मुखवटा. तो डेटा आला की त्या त्या फॉन्टचा तक्ता घेऊन एकेक अक्षर उलगडायचं. काम कंटाळवाणं आहे, पण त्यात गूढ काही नाही.

गंमत पुढच्या पिढीच्या बिघाडात आहे. यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. पहिला बाइट कायम २२४. दुसरा १६४ किंवा १६५. तिसरा त्या चिन्हाचा स्वतःचा. हे तीन बाइट ‘लॅटिन-१’, म्हणजे एका अक्षराला एकच बाइट देणारं जुनं पाश्चात्त्य एन्कोडिंग, असं लेबल लावलेल्या रकान्यात गेले की प्रत्येक बाइट स्वतंत्र पाश्चात्त्य अक्षर म्हणून वाचला जातो. २२४ म्हणजे डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला रोमन ए. १६४ म्हणजे चार टोकं फुटलेलं एक वर्तुळ, कुठल्याच देशाच्या नसलेल्या चलनाचं चिन्ह. १६५ म्हणजे जपानी येन. म्हणून बिघडलेल्या मराठी मजकुरात रेघवाले ए आणि पैशांची चिन्हं यांची रांगच्या रांग दिसते. दुसरा बाइट कुठे बदलतो, हेही पाहण्यासारखं आहे. सगळी व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी १६४ च्या बाजूला. दीर्घ वेलांटीपासून पुढचे उकार, मात्रा आणि हलन्त १६५ च्या बाजूला. ऱ्हस्व-दीर्घाची सीमारेषा बरोबर त्या दोन वेलांट्यांच्या मधून गेली आहे. हा कचरा रोज पाहणाऱ्याला येनचं चिन्ह दिसलं की कळतं, इथे दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा नाहीतर जोडाक्षर होतं.

एवढ्यावर थांबलं तर काहीच गमावलेलं नसतं. बाइट शाबूत आहेत, फक्त लेबल खोटं आहे. रकाना आधी निव्वळ बाइटांचा, म्हणजे ब्लॉब प्रकारचा करायचा आणि मग त्याला यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) हे खरं नाव द्यायचं. मजकूर जसाच्या तसा परत येतो. मधली ब्लॉबची पायरी गाळून थेट कन्व्हर्टची आज्ञा दिली, तर मायएसक्यूएल प्रामाणिकपणे त्या रेघवाल्या ए-चं यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करून देतो. कचरा पक्का होतो आणि प्रत्येक चिन्ह दुप्पट किंवा त्याहून जास्त जागा खायला लागतं. असा दुहेरी शिजलेला डेटा मला साध्या बिघाडापेक्षा जास्त वेळा भेटला आहे, कारण साधा बिघाड बघून कुणीतरी आधीच उत्साहाने ‘दुरुस्ती’ केलेली असते.

खरं नुकसान वाटेत होतं. मायएसक्यूएल ज्याला लॅटिन-१ म्हणतो ती प्रत्यक्षात विंडोजची १२५२ क्रमांकाची सारणी आहे, आणि त्या सारणीत पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. मायएसक्यूएल त्या पाच बाइटांना अडवत नाही, जसेच्या तसे पुढे जाऊ देतो. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली हीच सारणी मात्र तिथे चक्क नकार देते. मजकूर कुणी पडद्यावरून उचलून दुसरीकडे चिकटवला असेल, तर त्या जागची अदृश्य खूण वाटेत गळण्याची शक्यता मोठी. आता या पाच रिकाम्या जागांवर मराठीतलं कोण बसतं ते पाहा. ए आणि ऐ. झ. चंद्रबिंदू. ऱ्हस्व उकार. आणि १४१ वर हलन्त, म्हणजे ज्याच्यावाचून एकही जोडाक्षर होत नाही ती पायमोड. एकूण मजकूर सुधारतो, पण पुण्याचा उकार जातो, झेंड्याचा झ जातो आणि प्रत्येक जोडाक्षराच्या मधोमध एक काळा चौकोन येऊन बसतो.

आणखी दोन अक्षरांचं नशीब असंच खोटं. ठ चा तिसरा बाइट १६०. लॅटिन-१ मध्ये ती न तुटणारी मोकळी जागा. भ चा तिसरा बाइट १७३. ते ओळीच्या शेवटी लागलं तरच दिसणारं संयोगचिन्ह, एरवी अदृश्य. डेटा ‘स्वच्छ’ करणारी कुठलीही स्क्रिप्ट पहिल्यांदा काय करते? विचित्र मोकळ्या जागांच्या साध्या जागा करते आणि अदृश्य चिन्हं काढून टाकते. ‘मराठी’ या शब्दाचा नेमका ठ त्यात जातो. पण ठ परत आणता येतो: २२४, १६४ आणि लगेच साधी मोकळी जागा असा क्रम दिसला, की तिथे ठ सोडून दुसरं काही असूच शकत नाही. भ-ला ती सोय नाही. तो गळला की दोन बाइटांचं बूड तेवढं उरतं, आणि ते बूड भ-चं की झ-चं हे शब्द पाहून माणसानेच ठरवायचं.

प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र पाणी सोडायचं. ‘?????’ म्हणजे कुणीतरी मराठी मजकूर लॅटिन-१ मध्ये बसवायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरीचं प्रश्नचिन्ह साठवलं गेलं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवाल्यांकडे हेच एका एन-पायी होतं: अवतरणाच्या आधी तो एन लावायचा राहिला की मराठी नाव प्रश्नचिन्हांत जातं. कागदी रजिस्टर असेल तर नावं पुन्हा टंकायची. नसेल तर प्रश्नचिन्हं मोजून माणूस ओळखायचा खेळ बसतो.

लांबीचाही एक हिशेब आहे. लॅटिन-१ च्या ३० अक्षरी रकान्यात ३० बाइट, म्हणजे देवनागरीची फक्त १० चिन्हं बसतात. ‘त्र्यंबकेश्वर’ कानाला पाच अक्षरी. यंत्राच्या हिशेबाने त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार असं मोजत गेलं की १३ चिन्हं, ३९ बाइट. ३० बाइटांत ‘त्र्यंबकेश’ एवढंच मावतं. काटणी चिन्हाच्या सीमेवर पडल्यामुळे काही तुटल्यासारखंही दिसत नाही. पत्त्यांच्या यादीत असं एखादं त्र्यंबकेश वर्षानुवर्षं सुखाने नांदतं.

हे सगळं टाळायचं तर यूटीएफ८एमबी४. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ तीन बाइटांपर्यंतच जायचं, हे आता इमोजीमुळे सगळ्यांना कळलं आहे. आपल्याला इमोजीखेरीज आणखी एक कारण आहे, मोडी. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, तीही चार बाइटांच्या प्रदेशात. म्हणजे जुन्या ‘यूटीएफ८’ रकान्यात मोडी शिरूच शकत नाही. एमबी४ केलं आणि कोलेशन मात्र जुनं ‘जनरल’ ठेवलं, तर आणखी मौज: त्या कोलेशनला चार बाइटांची सगळी चिन्हं सारखीच दिसतात. जपानी लोकांना हे सुशी आणि बिअर यांच्या इमोजींवरून कळलं. डेटाबेस दोन्ही एकच समजत होता. आपल्याकडे मोडीत लिहिलेली, सारख्याच चिन्हसंख्येची कोणतीही दोन नावं समान ठरतील. दफ्तरखान्याची सूची कुणी मोडीतच करायला घेतली, तर तिथे गाठ पडेल.

एन्कोडिंगबद्दल माझं मत साधं आहे. त्याला एकच बरोबर उत्तर असतं, आणि कितीही वैताग आला तरी शेवटी ते सापडतं. कोलेशनला तसं उत्तर नाही. दोन शब्द सारखे आहेत का, हे कोण विचारतंय आणि कशासाठी विचारतंय त्यावर ठरतं.

एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाची सूची हलवताना हे फार स्पष्ट दिसलं. शोधशब्दांचा एक तक्ता होता, प्रत्येक शब्द एकदाच आला पाहिजे अशा अटीचा. जुन्या ‘जनरल’ कोलेशनमध्ये सगळं बिनबोभाट चाललेलं. नव्या आवृत्तीत ‘मंद’ गेला, ‘मद’ अडला. १०६२ क्रमांकाची चूक, डुप्लिकेट एंट्री. पाठोपाठ ‘रंग’ आणि ‘रग’. इथे यंत्र चूक आहे याबद्दल वाद नव्हता. अक्सेंट, म्हणजे अक्षरावरच्या खुणा, पाळणारं कोलेशन लावलं, तक्ता भरला, काम संपलं असं वाटलं.

दोन दिवसांनी ग्रंथपाल बाईंचा फोन. “सर, आधीचं बरं होतं हो. जुनी पुस्तकं सापडेनात.” ‘आधीचं’ म्हणजे अक्सेंट पाळणारं लावण्यापूर्वीचं. पाहिलं तर त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्या वाचनालयाची निम्मी कपाटं १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची. तेव्हा ‘नांव’ होतं, ‘कांहीं’ होतं, ‘महाराष्ट्रांत’ होतं. न उच्चारला जाणारा अनुस्वार मुखपृष्ठावर छापलेला, आणि सूची करणाऱ्याने तो इमानाने उतरवलेला. आजचा वाचक ‘नाव’ आणि ‘काही’ टंकतो. जे कोलेशन ‘दंगा’चा ‘दगा’ करत होतं, तेच ‘नाव’ मागणाऱ्याला ‘नांव’ही देत होतं. मराठीचा एक शब्दही माहीत नसलेल्या नियमाकडून साहित्य महामंडळाच्या अनुस्वाराच्या नियमाची अंमलबजावणी आपसूक होत होती!

तोच नियम दुसरीकडे तोंडघशी पडतो. ‘बँक’ हा शब्द चंद्रबिंदू देऊन लिहिता येतो, किंवा ब-वर अर्धचंद्र आणि त्यावर वेगळा अनुस्वार देऊनही. डोळ्यांना फरक जवळजवळ नाही. पण चंद्रबिंदूचं वजन शून्य आणि अर्धचंद्र मात्र पूर्ण वजनाचा स्वर. त्यामुळे एक बँक दुसऱ्या बँकेशी जुळत नाही, आणि पहिली बँक ‘बक’ म्हणजे बगळ्याशी मात्र तंतोतंत जुळते. वकिलांच्या यादीचं आणखी वेगळं. ‘ॲड.’ मधला ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. पुढच्याच वर्षी ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले. त्याआधी लोक अ-वर सुटा अर्धचंद्र देत, किंवा ए-वर चंद्र असलेलं हिंदीकडचं अक्षर वापरत. तिन्ही पद्धती आजही एकाच यादीत सुखाने राहतात. युनिकोडचं प्रमाणीकरण करून भागेल असं वाटतं, पण या तिन्हींना युनिकोड एकमेकांचे पर्याय मानतच नाही. तो तक्ता आपणच लिहायचा.

‘दऱ्या’मधल्या त्या पापणीसारख्या र-चं दुखणं सगळ्यांत बारीक. तो दोन रीतींनी लिहिला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्यात ऱ म्हणजे र आणि नुक्ता असं धरलं जातं, त्यामुळे अक्सेंट पाळणारं कोलेशन ‘दर्या’पासून त्याला वेगळं काढतं. दुसऱ्यात जोडचिन्हाला कुठल्याच पातळीवर वजन नाही. कितीही कडक कोलेशन लावा, त्या दऱ्या दर्यातच बुडतात. आचार्यांना द्यायचं मानधन आचाऱ्याच्या नावावर जाईल, हा मराठीच्या मास्तरांचा जुना विनोद. इथे तो अक्षरशः खरा होऊ शकतो. उपाय एकच: आत घेतानाच ही दुसरी रीत बदलून ऱ करून टाकायची.

बाईंसाठी शेवटी दोन रकाने केले. एकात शीर्षक जसं छापलंय तसं, अनुस्वारासकट. दुसरा वाचकाला कधीच न दिसणारा, फक्त शोधापुरता: तिन्ही ॲ एक केलेले, बँकेची दोन्ही रूपं एक केलेली, अनुस्वार गाळलेले, शेवटची वेलांटी दीर्घ केलेली, म्हणजे ‘कवि’ही सापडावा. शोध लावला की आधी तंतोतंत जुळणारं येतं, मग सैल जुळणारं. ‘दंगा’ टंकला तर दग्याची पुस्तकंही खाली कुठेतरी येतात. बाई म्हणाल्या, “येऊ द्या. वाचक काय, तेही वाचतो.”

सापडण्याचं निभावलं. लावण्याचं राहिलं. आपण शाळेत ‘ह ळ क्ष ज्ञ’ असं घोकलेलं. युनिकोडमध्ये ळ बसतो ल आणि व यांच्या मधे. भारतीय लिप्या एका साच्यात बसवणाऱ्या इस्की या मानकाकडून तो क्रम आला, आणि त्या साच्यात ल-शेजारी ळ आणि तमिळमधला ऴ यांच्या जागा ठरलेल्या होत्या. त्यामुळे यंत्राच्या यादीत काले, काळे, काशीकर. आपल्या हिशेबाने काले, काशीकर, काळे. मायएसक्यूएलमध्ये स्पॅनिश, व्हिएतनामी, हंगेरियन, मंगोलियन असे कितीतरी भाषांचे क्रम आहेत. मराठीचा नाही. हिंदीचाही नाही. कुणी मागितलाच नसावा, असा माझा समज आहे. आपल्याकडे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या समितीच्या बैठकीत ‘मराठी दिसतं का?’ एवढंच विचारतात. ‘मराठीत लागतं का?’ असं विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

म्हणून सूची पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेली. तिथे आयसीयू नावाच्या ग्रंथालयाचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ग्रंथालयाचा, मराठी क्रम वापरता येतो. त्यात ळ ह-नंतर येतो आणि क्ष, ज्ञ त्याच्याही पुढे. शिवाय तिथे समानता आणि क्रम हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वेगळं सांगितलं नाही तर समानता निव्वळ बाइटांवर ठरते, क्रम भाषेवर. मला ही विभागणी जास्त प्रामाणिक वाटते. पोस्टग्रेसचीही एक खोड सांगून ठेवतो. क्रमासाठी तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्रंथालयावर विसंबला असेल, आणि लिनक्सच्या ग्लिबसी या ग्रंथालयाच्या २०१८ मधल्या २.२८ आवृत्तीसारखं एखादं अपडेट त्याच्या पायाखालून क्रम बदलून गेलं, तर जुनी अनुक्रमणिका (इंडेक्स) नव्या नियमाने चुकीची लागलेली ठरते. ओळ तक्त्यात असते, शोधल्यावर मिळत नाही, आणि कुठेही चूक दाखवली जात नाही. लिनक्स बदलला की अनुक्रमणिका पुन्हा बांधायच्या, हे मी आता न विचारता करतो.

नवी यादी छापून बाईंना दाखवली. ळ पाहून त्या खूश झाल्या. क्ष-पाशी थांबल्या. त्यांच्या हस्तलिखित रजिस्टरात क्षमा, क्षितिज, क्षेत्र सगळं क-मध्येच आहे, आणि कपाटंही तशीच लावलेली. नवी यादी क्ष-ला शेवटी नेते. पोस्टग्रेस १६ पासून आयसीयूच्या मूळ क्रमावर आपला स्वतःचा नियम लिहिता येतो, तेव्हा मराठीचा तयार क्रम काढला आणि एकच नियम लिहिला: ह-नंतर ळ, बाकी आहे तसं. क्ष क-मध्ये परतला. ज्ञ-ही त्या न्यायाने ज-मध्ये गेला, आणि तो मात्र बाईंना तिथे नको आहे. त्यांच्याकडे ज्ञ-चा वेगळा खण आहे. तो नियम कसा लिहायचा ते मला माहीत आहे, पण क्ष आत आणि ज्ञ बाहेर, असं का, हे पुढच्या ग्रंथपालाला कळावं म्हणून कारणाची एक ओळ त्यांनी लिहून द्यावी, असं मी सुचवलंय. ती ओळ अजून आलेली नाही.